माहेरच्या नावावर लागलेला आजार

अक्का,

परवा तुमची शोकसभा झाली. वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून बायकांना खाली सतरंजीवर बसवलं. तुम्ही असतात तर पहिल्या रांगेतल्या वकिलांना उठवून तिथे आपल्या दायांना बसवलं असतंत. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. वक्ते एकामागून एक उठले. तुम्ही मातृहृदयी होतात, अबलांच्या कैवारी होतात, अर्ध्या गावाला जगात आल्यावर पहिला हात तुमचाच लागला. सगळं खरं. पण ज्या रोगामागे तुम्ही इतकी वर्षं हात धुऊन लागला होतात त्याचं नाव एकानेही घेतलं नाही. एकाने 'स्त्रियांचे काही नाजूक विकार' म्हटलं आणि लगेच पाण्याचा पेला उचलला.

गरमी. मी लिहिते इथे. गरमी आणि परमा, दोन्ही गुप्तरोग. भाजीवालीला भाव विचारावा तशा आवाजात तुम्ही हे शब्द बोलायचात. समोरचा लाजला तर म्हणायचात, "लाजायचं ते आधी. आता औषध घ्यायचं."

या साप्ताहिकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "तुम्ही त्यांच्या जवळच्या होतात. एक हृद्य लेख द्या. फक्त जरा सांभाळून." सांभाळून म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही. मी कुणाला फारसं काही विचारत नाही. पण मला सांभाळून लिहायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही निघून गेलात. हे तुम्ही चांगलं केलं नाहीत.

मी तुमच्याकडे आले ती इंग्रजीसाठी. वडिलांनी मला लहानपणी डोंगरावरच्या मिशनच्या शाळेत ठेवलं होतं. तिथून परत आले ती चांगलं इंग्रजी घेऊन, आणि घरातल्या काकवांशी काय बोलावं हे न कळणारी अशी. कुणीतरी वडिलांना सांगितलं की जळगावच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टर अक्कांना सरकारी अहवाल लिहायला माणूस हवंय. तुम्ही मला उभंच ठेवलंत.

"टायपिंग येतं?"

"येतं."

"गरमी म्हणजे काय ते ठाऊक आहे?"

मी फरशीकडे बघत राहिले.

"परमा? तेही नाही? मग शाळेत शिकवलं काय?"

मी हळूच सांगितलं की सिस्टरांनी जीवशास्त्राच्या पुस्तकातली ती पानं डिंकाने चिकटवून ठेवली होती. तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की कंपाउंडर डोकावून गेला. "अरे, ऐकलंस का? मड्डमची पानं चिकटलेली आहेत! बस गं. एकेक सोडवू." त्या दिवसापासून मी तुमची मड्डम झाले. मला ते आवडायचं नाही. आज कुणी तशी हाक मारली तर मी काय करीन, मला सांगता येत नाही.

आपण काय काम करत होतो हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. जो रोग जो तो लपवतो तो किती आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईहून परिपत्रक आलं. त्यात लोकांचे गट पाडून दिले होते: बाजारात बसणाऱ्या, म्हणजे धंदा करणाऱ्या बायका, मोटारवाले, गिरणीकामगार आणि गरोदर बायका. प्रत्येक गटातल्या लोकांचं रक्त तपासायचं, किती जणांत दोष निघतो ते पाहायचं, आणि वर्षावर्षाला आलेखावर त्या गटाची रेघ वर चालली की खाली ते कळवायचं. ऐकायला सोपं होतं. तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत की यातल्या तीन रेघांवर विश्वास ठेवू नकोस.

"बाजारातली बाई पोलिसाने आणली तर येते. मोटारवाला जळजळ असह्य झाली की येतो. सुई फुकट मिळते असं गिरणीत कळलं की आपल्या दारात रांग लागते, आणि वर साहेबांना वाटतं, रोग वाढला! वाढली ती रांग. गरोदर बाई मात्र रोगासाठी येत नाही. ती बाळासाठी येते. तिच्या रक्तात जे निघतं ते तिच्या घरातलं असतं. तू ही रेघ धर."

आपण ती रेघ धरली आणि तिनेच आपल्याला फसवलं.

सुमन आली तेव्हा केळीची कापणी जोरात होती. सुमन हे तिचं खरं नाव नाही, आणि तिचं माहेर फैजपूरच्या बाजूला आहे, याहून जास्त मी सांगणार नाही. पहिलटकरीण, डोहाळजेवण उरकून आलेली, हातभर हिरव्या बांगड्या. बरोबर आई. रक्त काढायला तुम्ही तिचा दंड बांधलात तशी ती म्हणाली, "मले काही झालं नही, अक्का. रगत कायले काढता?"

"तुला नाही गं, सरकारला हवंय."

"सरकारले सोताचं नही का?"

तिची आई बाकावरून म्हणाली, "घ्या जी. पन थोडं घ्या. पोरगी अशक्त हाये."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते. "ह्या बोलत नहीत का? मुक्या हायेत?"

"इंग्रजीत बोलतात," तुम्ही म्हणालात. "मराठी फक्त रविवारी."

ती खळखळून हसली, आणि मीही हसले. मला त्या खोलीत हसताना तुम्ही पहिल्यांदाच पाहिलं असेल.

तिच्या रक्तात दोष निघाला. पोटातल्या बाळाला लागू नये म्हणून तुम्ही तिला पेनिसिलीन सुरू केलंत. आईला सांगितलंत की रक्त शुद्ध करायचं औषध आहे. सुमनला खरं सांगितलंत, तिचा हात हातात घेऊन, शब्द न बदलता. ती रडली नाही. खूप वेळ बांगड्या फिरवत बसली.

मी बोलत नसे, त्यामुळे मला बघायला वेळ असे. तपासणीच्या दाराबाहेरच्या बाकावर कोण कुणाशेजारी बसलंय ते मी रोज बघायची. सासूबरोबर आलेल्या सुनेचं रक्त बहुतेक वेळा चांगलं निघे. आईबरोबर आलेल्या मुलीचं मात्र पुन्हा पुन्हा वाईट निघे. हे तुम्हाला सांगावं की नाही यात माझा पावसाळा गेला. एका दुपारी सांगितलं.

"म्हणजे काय?" तुम्ही म्हणालात. "आया वाईट, सासवा चांगल्या? हे तू सासवांना सांग, तुला साडी नेसवतील." आणि एकदम थांबलात. कानातल्या नळ्या तशाच ठेवून आत वॉर्डात गेलात. सुमन सुईसाठी आलेली, पडून होती.

"सुमन, सासर कुठलं गं तुझं?"

"धुळं."

"मालक काय करतात?"

"मोटर चालवतात. आग्रा रोडनं. पार इंदूरपावतर जातात."

तुम्ही त्या दुपारी प्रत्येक खाटेपाशी जाऊन हाच प्रश्न विचारलात. मी तुमच्या मागून चालत होते. धुळं. पुन्हा धुळं. एक शिरपूर. तुमचा चेहरा उतरत गेला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमचा तर जन्म माहेरवाशिणींची बाळंतपणं करण्यात गेला. इतकं नेहमीचं, की आकडे मांडताना कुणालाच दिसलं नाही. मुलीला आणलं वडिलांनी, गाव विचारलं की वडील आपलं गाव सांगत. आजार लागला धुळ्याच्या घरात आणि मांडला गेला जळगावच्या नावावर. उलट धुळ्याच्या ज्या लेकी इकडच्या केळीवाल्यांच्या घरात दिलेल्या, त्या तिकडे जाऊन बाळंत होत, आणि त्यांचं निर्मळ रक्त धुळ्याच्या खात्यात पडे. तुमच्या हाताला यश आहे म्हणून लांबलांबचे बाप लेकींना तुमच्याकडे आणू लागले, तशी जळगावची रेघ दरवर्षी वर सरकत गेली. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अगं, हा रोग नाही चढला. माझं नाव चढलं!"

आपण मुलींच्या सासरांप्रमाणे सगळं पुन्हा मांडलं. जळगावची रेघ आडवी झाली. तो कागद घेऊन आपण जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या वरच्या साहेबांकडे गेलो. मी दाराशी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, रक्त जिथे काढलं तिथलंच धरायचं. नियम आहे."

"मग नियम चुकीचा आहे."

"आणि धुळ्याचा आकडा मी वर न्यायचा? तो पश्चिम खानदेश, दुसरा जिल्हा. तिथले साहेब मला विचारतील, तू आमच्या घरात का डोकावतोस?"

"त्यांना चहा पाजा आणि दाखवा हे."

साहेब हसले. मग खुर्ची पुढे ओढून समजुतीच्या सुरात म्हणाले, "जळगावचा आकडा चढता आहे म्हणून पेनिसिलीन जळगावला येतं. उतरवायचाय? उतरवा. पुढच्या वर्षी तुमच्या पोरींना काय टोचणार? पाणी?"

दुसऱ्या दिवशी जुनाच तक्ता माझ्यापुढे ठेवलात. "टाइप कर."

मी नाही म्हटलं. तुम्हाला नाही म्हणण्याची माझी ती पहिली वेळ.

"अक्का, हे खोटं आहे."

"रक्त इथेच काढलं ना? मग इथलंच ते."

"रोग इथला नाही."

"औषध तर इथे हवंय! मुली इथे येतात. धुळ्याला गेलं तर घेणार कोण? ते मोटारवाले? ते ओळखीच्या कंपाउंडरकडून एक सुई टोचून घेतात आणि शुद्ध झालो म्हणत परत गाडीवर बसतात."

"मग बऱ्या झालेल्या मुली परत कुणाकडे जातात?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. "मड्डम, तू रेघा ओढ. पोरं मी जगवते."

मी उठून बाहेर बाकावर बसले. तुम्ही स्वतः यंत्रापुढे बसलात आणि दोन बोटांनी अहवाल टाइप केलात. टक. बऱ्याच वेळाने पुन्हा टक. अक्षर सापडलं नाही की तुम्ही यंत्राला शिव्या देत होतात. खाली सही केलीत. तो आवाज मी अजून माफ केलेला नाही.

आणि तरी सुमनचा मुलगा जन्मला तो खणखणीत रडत. अंगावर एक डाग नाही. तुम्ही त्याला उलटासुलटा करून पाहिलंत, कानामागे पाहिलंत, तळपाय पाहिलेत, आणि मग मला हाक मारून म्हणालात, "ये, बघ. ही माझी रेघ." हे मी नाकारत नाही. कितीही राग आला तरी नाकारता येत नाही. ते मूल आज आहे ते तुमच्यामुळे, आणि कदाचित त्या खोट्या तक्त्याने आणलेल्या औषधामुळे.

मग वर्तमानपत्रात चौकटीत बातमी आली. पूर्व खानदेशात, म्हणजे जळगावकडे, गुप्तरोग वाढत आहेत आणि पश्चिम खानदेशात, धुळ्याकडे, ते समाधानकारक कमी होत आहेत, असं त्यात होतं. आपल्या दवाखान्याचा उल्लेखही होता. तुम्ही तो अंक घडी करून उशाखाली सारलात. मी पाहिलं.

सव्वा महिना झाल्यावर सुमनचे वडील, नाना, तिला आणि बाळाला घेऊन धुळ्याला गेले. जावयाचंही रक्त तपासलं पाहिजे, औषध घेतलं पाहिजे, नाहीतर हिला पुन्हा लागेल, असं तुम्ही नानांना बजावून पाठवलं होतंत. बापाने आपल्या तोंडाने जावयाला हे सांगायचं! दुसरं कोण सांगणार होतं?

ते परत आले ते थेट दवाखान्यात. नाना दारात उभे राहिले, टोपी हातात. मागे सुमन, खांद्यावर बाळ.

"ठेवली नही तिले, अक्का."

"कुणी?"

"सासूनं. मी जावईबापूंले बाजूले नेलं, तुम्ही सांगतलं तसं सांगतलं. शब्द तोंडातून निघत नव्हता. त्यानं आईले हाक मारली. तिनं पेपर काढला. म्हने, वाचा व्याही, रोग जळगावात वाढला, धुळ्यात नही. तुमच्या पोरीनं तुमच्या घरून आनला. आमचा पोरगा निरोगी व्हता." नाना थांबले. "मी काय बोलू? पेपरात तसंच व्हतं."

सुमनने तुम्हाला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "अक्का, पेपरात असं कोनं लिवलं?"

तुम्ही बाळाची टाळू चाचपायला लागलात. मी तुमच्याकडे बघत होते. अक्का, तुम्ही कुणाला कधी उत्तर द्यायला चुकला नाहीत, तहसीलदाराला नाही, पोलिसाला नाही. त्या मुलीला नाही दिलंत.

मात्र दोन दिवसांनी तुम्ही मला घेऊन धुळ्याला निघालात, हेही लिहायला हवं. चाळीसगावला गाडी बदलली. वाटभर तुम्ही काय काय बोलायचं ते पुटपुटत होतात. सुमनच्या सासूने आपल्याला आत बसवलं, चहा केला. ती काही कजाग बाई नव्हती. तिच्या मुलावर आळ आला होता आणि तिच्या हातात छापील पुरावा होता.

"या डाक्टरीनबाई, बसा. च्या ल्या," ती अहिराणीत म्हणाली. "पन एक सांगस. बठ्ठा गावनी वाचं ते पेपरमा. तो आकडा तुमनाच दवाखानाना शे ना?"

"आहे. पण तो चुकलेला आहे."

"चुकेल शे?" तिने चहाची बशी खाली ठेवली. "मंग तसं पेपरमा छापा ना, माय. आम्ही वाचसूत."

अंगणात तिचा मुलगा, सुमनचा नवरा, मोटारीची काच पुसत होता. तुम्ही त्याच्याजवळ गेलात, रक्त देतोस का म्हणून विचारलंत. तो काच पुसतच राहिला. "माले काय व्हयेल शे? पैलवान शे मी." आणि काचेवर जिथे डाग नव्हता तिथेच पुन्हा पुन्हा फडकं फिरवत राहिला. त्याला ठाऊक होतं, अक्का. मला ते त्याच्या हातावरून दिसलं.

परतताना चाळीसगावच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलो. तुम्हीच सुरुवात केलीत.

"बोल. तोंडात धरून बसू नकोस."

"तुम्ही पोर जगवलंत आणि आईला घालवलंत."

बाजूचा हमाल वळून बघायला लागला इतका तुमचा आवाज चढला. "तुला काय माहीत? पेनिसिलीन नव्हतं तेव्हा निळी पडलेली पोरं फडक्यात गुंडाळून बापांच्या हातात मी दिली आहेत. बाप विचारतो, अक्का, काय झालं? मी म्हणते, देवाची इच्छा. देवाची! तुझ्या सरळ रेघेसाठी मी ती सुई सोडू?"

"सोडू नका. पण सुमनचं काय?"

"साहेबांकडे जाते. सही मागे घेते."

"कधी?"

"जाते म्हटलं ना!"

गाडी आली. बायकांच्या डब्यात आपण समोरासमोर बसलो आणि एकमेकींकडे बघितलं नाही. पाचोऱ्याच्या पुढे तुम्हाला झोप लागली. पदर खिडकीच्या कडीत अडकला होता तो मी सोडवला. तेवढंच. मी तुम्हाला उठवून काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय, ते आजही सुचत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही कायमच्या गेलात. तपासणीच्या खुर्चीत, सकाळी, पुढची बाई आत येत असताना.

तेरा दिवस मी तुमच्यावर रागावलेली होते. लोक रडत होते आणि मी मनात म्हणत होते, गेला नाहीत ना साहेबांकडे? घाबरलात ना? मग शोकसभेत साहेब बोलायला उभे राहिले. तुमच्या आकडेवारीचं त्यांनी कौतुक केलं, जिल्ह्याला तिचा केवढा लाभ झाला ते सांगितलं. शेवटी गहिवरून म्हणाले की जाण्याच्या आदल्याच आठवड्यात अक्का मला भेटायला आल्या होत्या.

मी सभागृहातून धावत बाहेर आले. ते जीपमध्ये बसत होते.

"साहेब, अक्का कशासाठी आल्या होत्या?"

"अगं, तू होय? फार थकल्या होत्या बिचाऱ्या. काहीतरी आकड्यांचं चाललं होतं. सही मागे घेते, पेपरात छापा, असं काहीबाही. चहासुद्धा घेतला नाही."

"मग?"

"मग काय? मी मनावर घेतलं नाही. वय झालं की होतं असं. म्हटलं, अक्का, घरी जा, विश्रांती घ्या. कशाला उगाच शेवटी शेवटी नाव खराब करून घ्यायचं?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घरी सोडू का, बाळ?"

मी नको म्हटलं. चालत गेले. रस्त्यात मला रडू आलं ते रागाने आलं, कशाचा राग ते मला लगेच कळलं नाही.

तुम्ही गेला होतात. आणि मला सांगितलं नाहीत! त्यानंतरही आपण एका खोलीत काम करत होतो. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते, तुम्ही पोटं तपासत होतात. मी रुसून गप्प, तुम्ही गप्प. त्या माणसाने तुम्हाला घरी जाऊन पडायला सांगितलं, हे मला सांगायची तुम्हाला लाज वाटली का? मी तुमच्याबरोबर आले असते. दाराशी नसते उभी राहिले. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, आणि आता ते मी छापून सांगते आहे, म्हणजे कुणालाही सांगते आहे, फक्त तुम्हाला सोडून.

पण अक्का, तुम्ही गेलात हे कळून मला तुमच्याबद्दल बरं वाटलं तरी सुमनचं काय? बंद खोलीत एका माणसापुढे बोललेलं खरं धुळ्यापर्यंत पोचत नाही. तिच्या सासूने एकच अट घातली होती आणि ती रास्त होती. हे साप्ताहिक धुळ्यात वाचलं जातं. म्हणून स्पष्ट लिहिते.

जळगावच्या गरोदर बायकांमध्ये गरमी वाढत आहे, ही बातमी चुकीची होती. आमच्या प्रसूतिगृहात ज्या मुलींच्या रक्तात दोष निघाला त्यांतल्या बहुतेक माहेरी बाळंतपणाला आलेल्या होत्या. तो आजार त्यांनी माहेरून नेला नव्हता. सासरहून आणला होता. हे सही करताना अक्कांना ठाऊक होतं. औषध मिळत राहावं म्हणून त्यांनी सही केली. ती मागे घ्यायला त्या स्वतः गेल्या, तेव्हा त्यांना म्हातारी समजून परत पाठवण्यात आलं. धुळ्यात हा रोग नेमका किती आहे हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिथल्या पुरुषांचं रक्त तपासल्याशिवाय कळणारही नाही. तोवर कुणी आपल्या सुनेला वर्तमानपत्र दाखवून दाराबाहेर काढू नये.

इथपर्यंत लिहून, छापायला देण्याआधी, मी काल फैजपूरकडे गेले. मळ्यात कापणी चालू होती. माणसं केळीचे घड गाडीत रचत होती, नाना बाजेवर बसून देखरेख करत होते. मी कागद त्यांच्या हातात दिले. सुमन मुलाला कडेवर घेऊन शेजारी उभी राहिली. नाना ओठ हलवत वाचत गेले. धुळ्याच्या घराशी आले तसे थांबले.

"हे छापनार?"

"तुम्ही म्हणाल तर. तिचं नाव नाही त्यात. गावही नाही."

"नाव नसलं तरी लोकं समजतीन."

"समजू द्या," सुमन म्हणाली. "आता काय समजत नहीत?" मग माझ्याकडे वळली. "अक्कांनीच सही केल्ती?"

"हो."

तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. त्याने तिच्या गळ्यातली पोत ओढली, तिने ती त्याच्या मुठीतून सोडवली. मला वाटलं, ती आता तुम्हाला शिवी देणार, आणि दिली असती तर मी ऐकून घेतली असती.

"आन् ह्याले जगवलं ते बी त्याहीनंच."

"हो."

"मंग दोनी लिवा."

मी सांगितलं की दोन्ही लिहिलं आहे. नानांनी पुन्हा कागद वर धरला आणि आवाज अगदी खाली आणून, जेमतेम आम्हाला दोघींना कळेल असं वाचू लागले. गाडीजवळची माणसं हातातले घड तसेच धरून आमच्याकडे बघत होती.

"असं पुटपुटू नका, नाना," सुमन म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

नानांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग चष्मा नीट बसवला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, त्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचायला लागले.